रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्यावा, की गपचूप नवाच घ्यावा?

मधली सुट्टी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

माझा लॅपटॉप २०१६चा. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय ३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, आत फिरणारी हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून मी आंघोळ उरकून येते, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसायला लागतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट थांबले आणि विंडोज ११ म्हणतं की बाई, तुमचं यंत्र पात्र नाही.

काम भाषांतराचं. एका बाजूला मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूला वर्ड, शब्दकोशांचे वीसेक टॅब, मध्येच व्हिडिओ कॉल. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही.

हाताशी असलेल्या पैशांत दोनच गोष्टी बसतात. एक, कोरा करकरीत पण सगळ्यात खालच्या पायरीवरचा नवा: ८ जीबी रॅम, तीही बोर्डावर डकवलेली, वाढवता येत नाही. दोन, रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण ठाकठीक करून पुन्हा विकायला काढलेला: कुठल्याशा कंपनीतून बाहेर पडलेला, आठव्या नाहीतर दहाव्या पिढीचा आय ५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क). कागदावर दुसरा सरळसरळ वरचढ. पण नवरा म्हणतो, "दुसऱ्याची डोकेदुखी पॉलिश करून आपल्याला विकतात."

कोणी घेतलाय का? पस्तावलात की सुखी आहात?

काडीपेटी

नवरा रिफर्बिश करून मिळतो का ते आधी बघा.

मधली सुट्टी

@काडीपेटी, वॉरंटी कधीच संपली. परतही घेत नाहीत.

निमूट

घेतलाय. चार वर्षं झाली. सुखी आहे. संपलं.

जुनं खोड

ताई, मी बरीच वर्षं एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटर विभाग सांभाळला. दर तीन-चार वर्षांनी शेकड्यांनी लॅपटॉप बाहेर काढायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते लॅपटॉप बिघडले म्हणून जात नसत. भाडेकरार संपायचा किंवा वॉरंटी संपायची. वॉरंटीबाहेरची मशीन सांभाळण्यापेक्षा नवी घेणं ऑफिसला सोयीचं पडतं, एवढंच कारण. त्यातली अर्धी मशीन तर आयुष्यभर टेबलावर डॉकला (बाहेरचा पडदा-कीबोर्ड जोडायच्या ठोकळ्याला) लावून बसलेली असत, कीबोर्डला बोटसुद्धा लागलेलं नसायचं. उरलेली अर्धी फिरतीवरच्या लोकांची, त्यांची मात्र दशा बघवायची नाही. विकताना दोन्ही एकाच ढिगात जात.

म्हणजे तुमच्या यजमानांचं अर्धं बरोबर आहे.

दुसरं म्हणजे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही ऑफिससाठी बनवलेली मशीन नवी असताना चांगलीच महाग असतात. बिजागऱ्या मजबूत, कीबोर्ड बदलता येतो, मागचं झाकण साध्या स्क्रूंवर उघडतं आणि दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या साइटवर फुकट मिळते. खालच्या पायरीवरच्या नव्या लॅपटॉपची बिजागरी प्लास्टिकच्या बोंडात रुतवलेली असते. ती तुटली की पडद्याची चौकटच उचकटते. पाच वर्षांचा ऑफिसवाला आणि आजचा प्लास्टिकवाला शेजारी ठेवून झाकण एका हाताने उघडून बघा.

तिसरं, 'रिफर्बिश्ड' या शब्दावर कोणाची मालकी नाही. मूळ कंपनीने तपासून स्वतःच्या वॉरंटीसह विकलेला माल रिफर्बिश्ड, आणि कोणी फडक्याने पुसून खोक्यात घातलेला मालही रिफर्बिश्डच. ए ग्रेड, बी ग्रेड ही तर ज्याची त्याची बाराखडी. बहुतेक ठिकाणी ग्रेड म्हणजे बाहेरचे ओरखडे, आतल्या तब्येतीशी त्याचा संबंध नसतो. तेव्हा लॅपटॉप कोणता हे नंतर बघा. विकणारा किती दिवसांत विनातक्रार परत घेतो, हे आधी विचारा.

पाचर

खोडकाका, तुम्ही विकणाऱ्या बाजूचे होतात, म्हणून गोड बोलताय. :)

मी उलट बाजूने लिहितो. माझ्याकडे दोन रिफर्बिश्ड होऊन गेले आणि तिसऱ्यांदा मी नवा घेतला.

पहिला दिसायला राजबिंडा. आठवडाभराने लक्षात आलं की टचपॅडचा खालचा भाग क्लिकच होत नाही. मला वाटलं धूळ अडकली असेल. महिन्याभरात लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, एका कोपऱ्यावर दाबलं की दुसरा वर. उघडला तर आतली बॅटरी उशीसारखी फुगलेली, तीच टचपॅडला खालून ढोसत होती. परतीची मुदत तोवर उलटून गेली होती.

दुसऱ्यावर 'आय ७'चं झगझगीत स्टिकर होतं. आत सातव्या पिढीचा आय ७-७५००यू, म्हणजे दोन कोअर, एका वेळी काम करणारे दोनच मेंदू. त्याच पैशांत आठव्या पिढीचा आय ५-८२५०यू मिळत होता, चार कोअरचा. मी आकड्याला भुललो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आणि एक मुद्दा कोणी मांडत नाही: नवा प्रोसेसर नवी कामं फुकटात करतो. हल्ली बरेच ऑनलाइन व्हिडिओ एव्ही१ या प्रकारात येतात. तो उलगडायची सोय आठव्या-दहाव्या पिढीच्या इंटेलच्या चित्रविभागात नाही, ती अकराव्या पिढीपासून आली. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावतो आणि बॅटरी उतरते. तोच व्हिडिओ नव्या, साध्यासुध्या एन१०० प्रोसेसरवर गार डोक्याने चालतो. ६ वॉटचा प्रोसेसर आहे तो, पंख्याची गरजही नसल्यासारखी.

जुनं खोड

@पाचर, विकणाऱ्या बाजूचा होतो म्हणूनच खोट माहीत आहे. :)

फुगलेल्या बॅटरीबद्दल पूर्ण सहमत. मशीन हातात आल्याबरोबर सपाट काचेवर ठेवायचं आणि चारही कोपरे बोटाने दाबून बघायचे. डुगडुगलं की परत. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही आणि तसंच चार्जिंगला तर अजिबात लावायचं नाही.

एन१००चं मात्र अर्धवट सांगितलंत. चार कोअर आहेत, पण हलके. रॅमला एकच चॅनल, म्हणजे ये-जा करायला एकच रस्ता. ताईंचे वीस टॅब, वर्ड आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालले की ८ जीबीची दमछाक होणार, आणि ती वाढवायची सोय नाही.

रेघोट्या

पिढी ओळखायची कशी, ते कोणी सोप्या भाषेत सांगेल का? मला सगळे आय ५ सारखेच दिसतात.

सातव्या मजल्यावरून

@रेघोट्या, आय ५ नंतरच्या डॅशपुढचा आकडा बघ. ८२५० असेल तर पहिला अंक ८, म्हणजे आठवी पिढी. १०२१० असेल तर पहिले दोन अंक, म्हणजे दहावी. जाहिरातीत नुसतं 'आय ५ प्रोसेसर' लिहून पुढचा आकडा गाळला असेल, तर तो विसरून गाळलेला नसतो.

एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ढोबळमानाने रायझन ३००० मालिकेपासून पुढचे विंडोज ११ला चालतात, इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासून. शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवा. ऑफिसच्या मशीनमध्ये तो असतोच, फक्त कधीकधी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा, मशीनच्या आतला मूळ प्रोग्राम) बंद करून ठेवलेला असतो.

माझं मत विचाराल तर आठवी पिढी म्हणजे काठावर पास. उद्या रेघ वर सरकली तर पहिला नंबर तिचाच. थोडी ओढाताण करून दहावी किंवा अकरावी जमत असेल तर तीच घ्यावी.

रात्रपाळी

सगळे घे घे म्हणताहेत. मी वेगळंच सांगते: आत्ता काहीच घेऊ नकोस.

तुझं दुखणं हार्ड डिस्क आहे ग. ती काढून त्याच जागी बसणारी साधी साटा एसएसडी टाक आणि रॅमचा स्लॉट मोकळा असेल तर ८ जीबी कर. आंघोळ सोड, चूळ भरून होईस्तोवर चालू होईल. विंडोज १०साठी घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत घेता येते. तोवर शांतपणे शोध. नाहीतर त्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाक आणि विसरून जा.

काडीपेटी

आला! लिनक्स आला! मी घड्याळ लावूनच बसलो होतो. दहावा प्रतिसाद.

रात्रपाळी

नववा. लिनक्सवाल्यांना मोजता येतं.

मधली सुट्टी

@रात्रपाळी, लिनक्सचा विचार मीही केला होता. पण भाषांतराचं सॉफ्टवेअर ग्राहकाने दिलेलं आहे आणि ते विंडोजवरच चालतं. एसएसडीचं मात्र पटलं. तरी दहा वर्षांच्या बाळावर अजून खर्च करायचा का, हा प्रश्न उरतोच.

@पाचर, फुगलेल्या बॅटरीचं वाचून अंगावर काटा आला. हा प्रतिसाद नवऱ्याला दाखवणार नाहीये.

पाण्यातली म्हैस

माझ्या सदस्यनामाचं आज सार्थक होतंय. ऑनलाइन रिफर्बिश्ड घेणं म्हणजे म्हैस पाण्यात आणि मोल काठावर. शिंगं दिसतात, बाकी सगळं बुडालेलं.

माझा अनुभव. लॅपटॉप आला, स्वच्छ, सुंदर, विंडोज चालू, 'ॲक्टिव्हेटेड' असं स्पष्ट लिहिलेलं. खूश. बरोबर सहा महिन्यांनी कोपऱ्यात फिकट अक्षरं उगवली की विंडोज ॲक्टिव्हेट करा. चौकशीअंती कळलं की मोठ्या संस्थांसाठी केएमएस नावाची पद्धत असते. त्यात संस्थेचा सर्व्हर ॲक्टिव्हेशन देतो, तेही १८० दिवसांपुरतं. संस्थेच्या नेटवर्कवर असलात तर ते आपोआप वाढत राहतं. विकणाऱ्याने असलाच काहीतरी जुगाड करून दिला होता. माझ्या घरात कुठली आलीय संस्था?

तपासायला सोपं आहे. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'एसएलएमजीआर', मग जागा सोडून स्लॅश आणि 'एक्सपीआर' (अर्थात रोमन अक्षरांत). कायमचं ॲक्टिव्हेट असेल तर तसं लिहून येतं. तारीख आली, तर ती तारीख म्हणजे तुमच्या सुखाची मुदत.

सातव्या मजल्यावरून

@म्हैस, तुमच्या मशीनला बहुतेक स्वतःचं लायसन्स होतंच. विंडोज ८पासून मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये लायसन्सची किल्ली बोर्डावरच्या फर्मवेअरमध्ये असते. त्याच आवृत्तीचं कोरं विंडोज टाकलं की ते ती आपोआप उचलतं. विकणाऱ्याने एकच तयार साचा शंभर मशीनवर ओतला असणार.

म्हणून माझा नियम: विकणाऱ्याचं विंडोज ठेवायचंच नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्ह बनवायचा आणि पहिल्याच दिवशी सगळं पुसून नव्याने टाकायचं. त्या साच्यात अजून काय काय आहे, देव जाणे.

पाण्यातली म्हैस

@सातव्या मजल्यावरून, हे सहा महिने आधी का नाही सांगितलंत!

जुनं खोड

+१. आणि पुसून टाकण्यामागे आणखी एक मोठं कारण आहे.

आमच्या ऑफिसात मशीन मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटमध्ये नोंदवलेली असायची. त्यात त्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या यादीत संस्थेच्या नावावर चढते. मशीन विकताना ते नाव काढून टाकायचं असतं. प्रत्येक ऑफिस काढतंच असं नाही, आमच्याकडूनही एकदा एक अख्खी खेप तशीच गेली होती. विकणारा नेट न जोडता विंडोज टाकतो, त्यामुळे घेणाऱ्याला काहीच जाणवत नाही. पुढे कधीतरी तो नेट जोडून रीसेट करतो, आणि पडद्यावर कुठल्याशा संस्थेचं नाव आणि लॉगिनची चौकट. डिस्क बदलली तरी तेच, कारण नोंद डिस्कवर नसते.

मॅकमध्ये ॲक्टिव्हेशन लॉक असतो, तोही त्याच जातीचा. आणि बायॉसला पासवर्ड लावलेला असेल तर चालू होताना बायॉसमध्ये शिरून बघा. शिरता येत नसेल, तर मशीन कितीही सुंदर असो, नको.

रेघोट्या

मॅकचा विषय निघालाच आहे म्हणून. इंटेलचा जुना मॅकबुक स्वस्तात दिसतोय, घेऊ का?

निमूट

नको. इंटेल मॅकना मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती. ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचा, म्हणजे २०२० अखेरचा किंवा त्यानंतरचा असेल तरच बघ. रॅम आणि एसएसडी नंतर वाढत नाही, आहे ती पुरणार का बघूनच घे.

काडीपेटी

निमूट एवढं बोलला! धाग्याला वाळीत टाकलेलं नाही तर.

कानामात्रा

थोडं अवांतर. माझा रिफर्बिश्ड लॅपटॉप परदेशातून आलेला, जर्मन कीबोर्डचा. त्यात वाय आणि झेडची अदलाबदल असते. विंडोजमध्ये मी नेहमीची इंग्रजी मांडणी ठेवली होती, त्यामुळे कळ एक सांगायची आणि अक्षर दुसरंच उमटायचं. पासवर्डमध्ये वाय होता. बँकेने तीनदा चुकल्यावर खातं कुलूपबंद केलं, आणि मी मदत केंद्रावर शपथेवर सांगत होतो की पासवर्ड बरोबरच आहे.

विकणाऱ्यांनी कळांवर स्टिकर चिकटवली असतील तर नखाने एक कोपरा उचलून खाली काय आहे ते बघा. स्टिकर दोन महिन्यांत सरकतात आणि बोटांना गोंद लागतो.

ऱ्हस्वदीर्घ

@कानामात्रा, आम्हा इन्स्क्रिप्टवाल्यांना (मराठीची ठरलेली कळमांडणी) या संकटाचा पत्ताच नाही. जर्मन असो की जपानी, आमचा 'ब' तिथेच, वायच्या जागेवर, आणि 'क' केच्या. कळेवर काय छापलंय ते बघतो कोण?

कानामात्रा

इन्स्क्रिप्टवाले आणि लिनक्सवाले एकाच गाडीने येतात असं निरीक्षण नोंदवतो.

रात्रपाळी

मी दोन्ही आहे. बोला.

ऱ्हस्वदीर्घ

नमस्कार, भगिनी.

मधली सुट्टी

मी पण इन्स्क्रिप्टच! पण आता मुद्द्यावर या बरं. समजा घ्यायचा ठरवला, तर हातात आल्यावर बॅटरी आणि डिस्कचं काय बघायचं?

सातव्या मजल्यावरून

बॅटरी: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', जागा, स्लॅश, 'बॅटरीरिपोर्ट'. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. डिझाइन कपॅसिटी म्हणजे जन्माची ताकद, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आजची. समजा ५० वॉट-अवरची होती आणि आज ३१ भरते, म्हणजे ६२ टक्के उरली. मी ८०च्या खाली असेल तर नवी बॅटरी मागतो. तीही बघूनच घ्या, नकली बॅटरी पहिल्या दिवशी १०० टक्के सांगते आणि दोन महिन्यांत ढेपाळते.

डिस्क: क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात चालू तास आणि एकूण किती लिहून झालंय ते दिसतं. वर्षाचे ८,७६० तास. डिस्क २६,००० तास सांगत असेल तर ती जवळजवळ तीन वर्षं अहोरात्र चालू होती. चालू तास शून्य आणि कंपनीचं नाव आयुष्यात कधी न ऐकलेलं, असं असेल तर जुनी चांगली काढून स्वस्तातली नवी घातलीय, हे ओळखा.

रॅम: मेमटेस्ट रात्रभर लावून झोपायचं. सकाळी एकही लाल ओळ नको.

जुनं खोड

आणखी एक. लॅपटॉपच्या पोटावरचा सीरियल नंबर (डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात, सात अक्षरांचा) कंपनीच्या साइटवर टाका. मशीन कधी विकलं गेलं, वॉरंटी कधी संपली हे कळतं, बऱ्याचदा कारखान्यातून निघताना आत काय होतं तेही. घेण्याआधी विकणाऱ्याकडे हा नंबर मागा. द्यायला कां कूं केली की पुढच्या दुकानात.

मॉडेल म्हणाल तर थिंकपॅड टी४८० माझा लाडका होता. रॅमचे दोन स्लॉट, बॅटऱ्या दोन, एक आत आणि एक बाहेर. बाहेरची चालू असतानाच काढून दुसरी लावता येते. पुढच्या टी४९०मध्ये निम्मी रॅम बोर्डावर गेली, एकच स्लॉट उरला. एक्स१ कार्बन दिसायला देखणा, पण त्यात सगळीच रॅम डकवलेली. पण टी४८० आठव्या पिढीचा, त्यामुळे वरचा 'काठावर पास'चा मुद्दा त्यालाही लागू. लाडक्याबद्दलही खरं तेच सांगतो.

पाचर

बघा, म्हणजे टेबलावर काचेवर डुगडुग बघा, बायॉसमध्ये शिरा, दोन कमांड द्या, रात्रभर मेमटेस्ट, विंडोज पुसा, पुन्हा टाका. आणि हे सगळं परतीच्या मुदतीत. नव्याचं खोकं उघडलं की काम सुरू. माझ्या वेळेला काही मोल आहे की नाही?

निमूट

वेळेला आहे. ८ जीबीला नाही.

शून्य प्रहर

पर्यावरणाचा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. साध्या लॅपटॉपच्या बाबतीत आयुष्यभराच्या वीजवापरापेक्षा तो बनवताना होणारं प्रदूषण मोठं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, आणि त्यातल्या पाव हिश्शाचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. चालतं मशीन चालू ठेवणं हीच मोठी गोष्ट आहे.

पाचर

@शून्य प्रहर, मुद्दा मान्य. पण माझा फुगलेला लॅपटॉप त्याच कचऱ्यात गेला, फक्त माझ्यामार्गे.

घोळक्यातली

मला वेगळीच भीती वाटते. मी घेतलेल्या मशीनच्या डिस्कवर सहज गंमत म्हणून फाइल परत मिळवण्याचं सॉफ्टवेअर चालवलं. कुणाच्यातरी मुलीच्या वाढदिवसाचे फोटो आले. सहा मेणबत्त्या, दात पडलेलं हसू. मी ते लगेच पुसले, पण दोन दिवस अस्वस्थ होते. आपण विकलेल्या मशीनवरचं आपलं काय काय कोणी बघत असेल?

सातव्या मजल्यावरून

@घोळक्यातली, नुसतं फॉरमॅट केलं की असंच होतं. फिरत्या डिस्कवर एकदा सगळीकडे नवं लिहून काढलं की पुरतं. एसएसडीला तो उपाय धड लागू पडत नाही, तिला सिक्युअर इरेझची आज्ञा द्यावी लागते. ती बऱ्याच ऑफिस लॅपटॉपच्या बायॉसमध्येच असते. ताई, तुमचा जुना देणार असाल तर हे विसरू नका.

मधली सुट्टी

बारा दिवसांनी परत आलेय. धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व, पण हिशेब द्यायलाच हवा.

घेतला. दहाव्या पिढीचा आय ५, १६ जीबी, पंधरा दिवसांत परत घेण्याची लेखी हमी. पहिल्या दिवशी काचेवर ठेवला, डुगडुगला नाही. बॅटरी ८४ टक्के. एसएलएमजीआर म्हणालं कायमचं. मी तर हवेत. नवरा शेजारी उभा, तोही "बरा दिसतोय" म्हणाला, म्हणजे आमच्याकडे हा पुरस्कारच.

रात्री खोडकाकांचं आठवलं आणि वायफाय जोडून रीसेट लावलं. भाषा विचारली, देश विचारला, मग दोन मिनिटं नुसती ठिपक्यांची गोल चक्कर. आणि मग पांढऱ्या पडद्यावर एका अनोळखी संस्थेचं नाव: तुमचं स्वागत असो, ऑफिसचा ईमेल टाका. मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. कोणाच्यातरी घरात चुकून शिरल्यासारखं वाटलं.

नवरा काही बोलला नाही. हे त्याहून वाईट.

फोटो काढून विकणाऱ्याला पाठवला. "मॅडम, नेट न जोडता टाकून देतो, काही प्रॉब्लेम येणार नाही" असं उत्तर आलं. नको म्हटलं, हमी पुढे केली, तीन दिवसांत दुसरा आला. तेच मॉडेल. याची बॅटरी ८१, कळा जरा चकचकीत झालेल्या, मधल्या ओळीतल्या सगळ्यात जास्त, म्हणजे आधीचा मालकही टंकन करणाराच असावा. आधी रीसेट केलं, मग बाकीचं. कुणाचंही नाव आलं नाही. मेमटेस्ट रात्रभर, लाल ओळ नाही. काल त्यावर पंचवीस पानं भाषांतर केलं. पंखा ऐकू आला तो फक्त व्हिडिओ बघताना, @पाचर म्हणाले तसाच.

पाचर

अभिनंदन. माझं मत बदललेलं नाही, पण अभिनंदन.

जुनं खोड

ताई, विंडोजच्या अपडेटबरोबर बायॉसही अद्ययावत करून घ्या. सिक्युअर बूटची (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर आत घेणारी सोय) २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६पासून कालबाह्य व्हायला लागतात, नवी अपडेटमधूनच येतात. चार्जर लावून ठेवा आणि मध्ये बंद करू नका.

रात्रपाळी

आणि त्या २०१६वाल्याचं काय केलंस?

मधली सुट्टी

एसएसडी टाकली, मिंट टाकलं. तुझा विजय झाला. नवरा त्यावर पत्ते खेळतो.

काडीपेटी

म्हणजे शेवटी रिफर्बिश झालं कोण?

उशिरा आलेला

मी आजच वाचतोय हा धागा. गेल्या आठवड्यात घेतलाय, परतीला दोन दिवस उरलेत. यातलं काहीच केलेलं नाही. आधी काय करू?

मधली सुट्टी

@उशिरा आलेला, बॅटरी रिपोर्ट काढून घ्या, दोन मिनिटांचं काम. आत स्वतःचं काही असेल तर पेनड्राइव्हवर घ्या. मग वायफाय जोडून रीसेट. आत्ता, जेवण नंतर.